पी-वन-एन-पी वाढलंय, औषध उलटं पडलं का?

प्रश्न: आईचं वय ६६. मणक्याला फ्रॅक्चर झालं म्हणून डॉक्टरांनी टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन चालू केलंय. तीन महिन्यांनी पी-वन-एन-पी नावाची ब्लड टेस्ट केली तर आकडा जवळपास दुप्पट, पुढे लाल अक्षरात 'हाय'. औषध उलटं पडलं का? आणि हाड तर कॅल्शियमचं ना, मग हे प्रोटीन कुठून आलं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: घाबरू नका हो, टेरिपॅराटाइड हे नवं हाड बांधायला लावणारं औषध आहे, त्यावर तो आकडा वाढायलाच हवा. वाढला नसता तर इंजेक्शन रोज नीट घेताय ना, हे डॉक्टरांनी आधी विचारलं असतं.

आता कॅल्शियमचं. चिकनच्या तंगडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधे व्हिनेगर बदला, कॅल्शियम विरघळून जातं आणि हाड चक्क वाकायला लागतं. उरतं ते बहुतेक सगळं कोलॅजेन, म्हणजे प्रोटीन. ते बनवतात ऑस्टिओब्लास्ट, हाड बांधणाऱ्या पेशी. मुळात पेशीने ऑस्टिओब्लास्ट व्हायलाच रन्क्स-टू नावाचं प्रोटीन लागतं, १९९७ मध्ये उंदरांमधलं ते जीन काढून टाकून बघितलं तर पिल्लांचा सांगाडा नुसता कूर्चेचा, हाड बनलंच नाही आणि पिल्लं जन्मल्या जन्मल्या मेली.

या पेशी कोलॅजेन तयार करतात ते दोन्ही टोकांना जास्तीचा भाग ठेवून, पेशीबाहेर आल्यावर तो कापला जातो आणि मगच धागे विणले जातात. त्यातल्या एका टोकाचा तुकडा रक्तात येतो, तेच तुमचं पी-वन-एन-पी. टेलरच्या दुकानात खाली चिंध्या जास्त दिसल्या की शिवणकाम जोरात चाललंय समजायचं, तसंच हे. अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तात मोजलं जाणारं एन्झाइमही याच पेशी बनवतात, कॅल्शियम बसायला जे पायरोफॉस्फेट आडवं येतं ते तोडायला, पण ते लिव्हरमधूनही येतं त्यामुळे त्या आकड्यावरून गोंधळ होतो.

रिपोर्टवरची 'नॉर्मल' रेंज औषध न घेणाऱ्यांची असते, म्हणून तुलना आईच्याच जुन्या आकड्याशी करायची. ताज्या फ्रॅक्चरनेही तो काही महिने वाढलेला राहतो, तेव्हा पहिली टेस्ट कधी केली होती ते डॉक्टरांना नक्की सांगा. आणि एक, कोर्स संपला की हाड टिकवणारं पुढचं औषध लगेच लागतं, नाहीतर कमावलेलं हाड परत कमी व्हायला लागतं, ते आत्ताच विचारून ठेवा.