नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडच्या 1881 च्या सेन्ससमध्ये (जनगणनेत) सापडले, पण त्यांचे आईवडील आणि भावंडं कशी शोधायची?

तुमची अडचण मला समजली ती अशी, की 1881 ला ते ब्रॅडफर्डमध्ये बायकोमुलांसकट सापडलेत, वय 38, जन्म हॅलिफॅक्स, पण मागे 1851 मध्ये गेलं की त्याच नावाची आणि साधारण त्याच वयाची बरीच पोरं हॅलिफॅक्सच्या आसपास निघतात आणि त्यातलं आपलं कोणतं ते कळत नाही. माझं सासरही वेस्ट रायडिंगमधलंच, म्हणजे यॉर्कशरच्या त्याच भागातलं, नवऱ्याच्या घराण्याचं सगळं मीच शोधलंय त्यामुळे हे नेमकं माहितीये मला.

पहिली गोष्ट म्हणजे सरळ वर चढायचं सोडा. आपण कुलवृत्तांत बघत वाढलेलो, मुलगा, बाप, आजा, पणजा अशी एकच रेघ डोक्यात बसलेली असते आणि लेकी त्यात बहुतेक वेळा गळालेल्याच असतात. इथे तसं केलं की अडकायला होतं. इथे आडवं जायचं, म्हणजे भावंडं, आत्या, मावश्या, सासू, सगळ्यांना धरून, मग वरचा माणूस आपोआप पक्का होतो.

आधी लग्नाचा दाखला मागवा. इंग्लंड-वेल्समध्ये जुलै 1837 पासून सरकारी नोंदणी आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो, खाली साक्षीदार असतात, आणि साक्षीदार बऱ्याचदा बहीण नाहीतर मेहुणा निघतो. आता समजा वडील 'वूलकोंबर' लिहिलेत, म्हणजे हाताने लोकर विंचरणारे, तर 1851 मधल्या त्या पोरांपैकी कुणाचा बाप वूलकोंबर आहे ते बघायचं. फक्त एक लक्षात ठेवा, 1850 नंतर विंचरायची यंत्रं आली आणि काही वर्षांतच तो धंदा बसला, त्यामुळे तोच माणूस 1861 मध्ये मजूर नाहीतर गिरणीत कामाला दिसू शकतो, धंदा बदलला म्हणून माणूस बाद करू नका.

मग जन्माची सरकारी इंडेक्स. जीआरओच्या, म्हणजे तिथल्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या, साइटवर अकाउंट काढलं की सुरुवातीपासूनच्या जन्मनोंदींना आईचं माहेरचं आडनाव दिसतं, आणि हे सोनं आहे खरंच. तेच आडनाव, तेच माहेरचं आडनाव, हॅलिफॅक्स जिल्हा, 1837 ते 1860 असं शोधलं की सगळी भावंडं ओळीने समोर येतात, त्यात दोन सेन्ससच्या मध्ये जन्मून मध्येच गेलेली लेकरंसुद्धा, ज्यांचा सेन्ससमध्ये कुठे मागमूस नसतो. मृत्यूच्या इंडेक्समध्ये वय दिलेलं असतं त्यावरून ती जुळवता येतात. 1875 च्या आधी नोंदणीची सक्ती तितकी कडक नव्हती, एखादं मूल नाही सापडलं तर बाप्तिस्म्याच्या नोंदी बघा, आणि त्या फक्त चर्चमध्ये नाही तर मेथडिस्ट वगैरे चॅपलमध्येही, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या पंथांच्या प्रार्थनाघरांतही, त्या भागात चॅपलवाले खूप होते.

सेन्ससचं पान मात्र ट्रान्स्क्रिप्शनवर, म्हणजे साइटवर टाइप करून ठेवलेल्या नकलेवर, सोडू नका, मूळ फोटो उघडा. 1841 ते 1901 चं जे आपण बघतो ते घरोघरच्या फॉर्मवरून एन्युमरेटरने, म्हणजे गणना करणाऱ्या माणसाने, उतरवून काढलेलं पुस्तक आहे, त्यामुळे एक चूक तिथे आणि दुसरी आत्ता टाइप करताना. पानावर नावांच्या डाव्या बाजूला छोट्या तिरप्या रेघा असतात, दोन रेघा म्हणजे इमारत संपली, एक रेघ म्हणजे त्याच इमारतीत दुसरं बिऱ्हाड, आणि हे न बघितल्यामुळे शेजारच्या बिऱ्हाडातली पोरं लोक आपल्या झाडात घालून मोकळे होतात. 'व्हिजिटर' म्हणून जी बाई त्या रात्री घरात आहे ती बघा, सासू घरात असेल तर बायकोचं माहेरचं आडनाव तिथेच मिळतं. आणि जन्मगावाचं म्हणाल तर हॅलिफॅक्सचा पॅरिश, म्हणजे एका मुख्य चर्चच्या हाताखालचा इलाखा, अवाढव्य होता, ओव्हेंडन, सोअर्बी, नॉर्थोवरम सगळं त्यातच, म्हणून एकच माणूस एका सेन्ससमध्ये हॅलिफॅक्स सांगतो आणि दुसऱ्यात ओव्हेंडन, तो विरोध धरू नका. 1841 मध्ये नातंच लिहिलेलं नाही आणि 15 च्या वरची वयं साधारण पाचाच्या पाढ्यात खाली ओढलेली, म्हणजे 34 वर्षांचा माणूस 30 लिहिलेला असतो, तेव्हा आईवडिलांचं वय 1851 वरूनच घ्या.

आता प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मान्य करून घेतल्याची नोंद, जे बहुतेक लोक 'आमचे लोक गरीब होते' म्हणून बघतच नाहीत. असं करू नका प्लीज. 12 जानेवारी 1858 पासून हे काम चर्चच्या कोर्टांकडून सरकारकडे आलं आणि तेव्हापासून दरवर्षीची छापील यादी आहे, नॅशनल प्रोबेट कॅलेंडर, सरकारी साइटवर शोधता येते, आणि त्यात वीस पाउंडांच्या आतली मालमत्तासुद्धा सापडते. नुसत्या यादीतच माणूस कुठे राहायचा, काय करायचा, कधी गेला, वेकफील्डला की आणखी कुठे प्रोबेट झालं, आणि जुन्या वर्षांत तर एक्झिक्युटरचं, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याचं, नातंही दिलेलं असतं. मृत्युपत्र केलेलं नसेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणून नोंद असते, 1870 पर्यंत ती त्याच वर्षाच्या पुस्तकात वेगळ्या भागात आहे म्हणून दोन्हीकडे बघायचं. यादी मृत्यूच्या नाही तर प्रोबेट मिळालं त्या वर्षाची असते, पुढची काही वर्षंही चाळा.

आणि सगळ्यात आधी कुणाचं शोधायचं तर बिनलग्नाच्या किंवा मूलबाळ नसलेल्या भावंडाचं. ज्याला मुलं आहेत तो 'सगळं बायकोला, मग मुलांना' लिहून मोकळा होतो. माझ्या सासरची एक अविवाहित आत्या, कपडे शिवायची, कॅलेंडरमध्ये 'स्पिन्स्टर' म्हणून एवढीशी नोंद, पण मृत्युपत्र मागवलं तर घड्याळ या भाच्याला, पलंग आणि अंथरूण-पांघरूण त्या भाचीला, ती अमक्याची बायको, अमक्या गावी, असं करत तीन बहिणींची लग्नानंतरची आडनावं एका कागदावर आली, सेन्ससवरून ती कधीच जुळली नसती. लग्न झालेल्या बायकांची मृत्युपत्रं मात्र 1883 च्या आधी क्वचितच मिळतात, कारण त्यांच्या मालमत्तेवर कायद्याने नवऱ्याचा हक्क असायचा. आणि एखाद्या मुलाचं नाव मृत्युपत्रात नाही म्हणजे तो मेला असं नाही, त्याचा वाटा आधीच दिलेला असू शकतो. 1858 च्या आधीचं काही असेल तर हॅलिफॅक्सचं यॉर्कच्या चर्च कोर्टात, ते आता यॉर्क युनिव्हर्सिटीच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

एखादा भाऊ 1861 नंतर एकदम गायब झाला तर हिंदुस्थानचाही विचार करा, पलटणीत किंवा रेल्वेत बरेच जण आले. कॅलेंडरमध्ये 'लेट ऑफ बॉम्बे', म्हणजे शेवटी मुंबईत राहणारा, अशा नोंदी आहेत, इंग्लंडमध्ये काही मालमत्ता असली की प्रोबेट तिकडेही करावं लागायचं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या साइटवर नावाने फुकट शोधता येतं. आपल्याकडचे सेन्ससचे घरोघरचे कागद मात्र ठेवलेले नाहीत, तो रस्ता इथे चालत नाही.

लग्नाचा दाखला आला की वडिलांचा धंदा आणि साक्षीदारांची आडनावं इथेच लिहा, ती 1851 मधल्या त्या घरांशी कशी ताडून बघायची ते सांगते.