शून्य सावलीचा व्हिडिओ करतोयस तर हे ऐक
अरे पहिलाच व्हिडिओ ना, मग ब्लॅक होल वगैरे नको, शून्य सावली घे, म्हणजे सूर्य बरोब्बर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली गायब होते ते, मुलांना स्वतः करून बघता येतं. पुण्यात साधारण 13-14 मेला, दुपारी 12:31 च्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, मुंबईत 15 मेच्या सुमारास 12:35 ला. जुलैअखेर परत येतो पण तेव्हा ढग, त्यामुळे मे सोडू नकोस.

मी पहिल्यांदा गच्चीवर पाइपचा तुकडा उभा केला न सगळं शूट झाल्यावर बघतो तर बारीकशी सावली आहेच, कारण गच्चीला पाणी जायला उतार असतो हे डोक्यातच आलं नाही, आणि पुढचा चान्स डायरेक्ट जुलैत! म्हणून खाली पाट ठेव, गवंड्याची लेव्हल बाटली लावून बघ, 12 पासूनच कॅमेरा चालू ठेव म्हणजे सावली आखडत जाताना दिसेल, खरी मजा तीच.

'नमस्कार मित्रांनो'त मिनिट घालवू नको, सरळ सावलीच दाखव. दिल्लीत हे कधीच का होत नाही तेही विचार मुलांना, कर्कवृत्त, म्हणजे सूर्य डोक्यावर येण्याची उत्तरेकडची हद्द, आपोआप येतं त्यात. आवाज मात्र नंतर खोलीत रेकॉर्ड कर, पंखा बंद करून.