आडनाव, भावकी आणि डीएनए: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर. आमचं आडनाव पवार. आजोबा सांगायचे की आपण मूळचे धारचे, राजा भोजाच्या परमार कुळातले, तिथून खाली आलो. मागच्या महिन्यात चुलतभावाने लाळेचं सॅम्पल पाठवून डीएनए टेस्ट केली, रिपोर्टमध्ये वडिलांकडचा हॅप्लोग्रुप, म्हणजे वंशाच्या झाडावरची मोठी फांदी, आर१ए आला आणि तेव्हापासून घरच्या ग्रुपवर एकच चाललंय, बघा, सिद्ध झालं. पण आमच्या ऑफिसमध्ये एक पवार आहेत, वेगळ्या समाजाचे, त्यांचाही आर१एच निघालाय. मग नक्की सिद्ध काय झालं? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: परमारांबद्दल काहीच सिद्ध झालेलं नाही दादा. आजोबा खोटं बोलत होते असाही याचा अर्थ नाही, टेस्टने त्या प्रश्नाला हातच लावलेला नाही एवढंच.

बापाकडून मुलाकडे वाय गुणसूत्र जसंच्या तसं जातं, मधूनमधून त्यात बारीक बदल होतात आणि त्या बदलांवरून कोणती फांदी कुठून फुटली ते कळतं. आपल्याकडे आडनावही बापाकडूनच येतं म्हणून लोक दोन्हीची सांगड घालतात आणि ती काही चुकीची नाही. घोळ काळाचा आहे. भारतातले बहुतेक आर१एवाले ज्या मोठ्या फांदीवर आहेत ती साधारण ५ ते ६ हजार वर्षांपूर्वी फुटलेली, पंजाबपासून बंगालपर्यंत ती ब्राह्मणांत, मराठ्यांत, दलितांत, आदिवासींत कमीजास्त प्रमाणात सापडते आणि तिची बहीण-फांदी पार पोलंड-रशियात आहे. राजा भोज झाला अकराव्या शतकात! म्हणजे फांदी आडनावापेक्षा चारेक हजार वर्षांनी जुनी, तिच्यावरून पवार कोण आणि परमार कोण हे कसं कळणार?

बरं, परमारच ठरवायचे तर जुळवून बघायला एखादा पक्का परमार लागेल. युरोपात जुन्या राजांची हाडं जमिनीतून मिळतात, आपल्याकडे अग्निसंस्कार, त्यामुळे तोही रस्ता बंद.

आडनाव आणि वाय जुळतं का यावर इंग्लंडमध्ये खरोखर काम झालंय. २००० साली साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी झाली, जवळजवळ निम्म्यांचा वाय एकच निघाला. मग २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० आडनावं घेतली आणि चित्र अजून स्पष्ट झालं. अ‍ॅटनबरोसारखं दुर्मीळ आडनाव असेल तर १० पैकी जवळपास ९ जण एकाच पूर्वजाचे, आणि स्मिथ असेल तर दोन स्मिथ एकमेकांना रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकेच जवळचे, कारण स्मिथ म्हणजे लोहार आणि लोहार गावोगाव होते. पवार, जाधव, मोरे, चव्हाण, शिंदे हे आपले स्मिथ समजा. ही आडनावं इतक्या समाजांत आहेत की नुसत्या आडनावावरून रक्ताचं नातं काढताच येत नाही.

आणि आपल्याकडची आडनावं स्थिर तरी कुठे होती! तुमच्याच जिल्ह्यातल्या कटगुणचं उदाहरण घ्या, महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं तिथलं आणि आडनाव गोऱ्हे, पुण्यात फुलांचा व्यवसाय सुरू झाला आणि फुले झाले. डॉ. आंबेडकरांचं घराणं सकपाळ, गाव आंबडवे, शाळेत आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. नाना फडणवीस मूळचे भानू, हुद्दा आडनाव होऊन बसला. होळकर हे होळ गावावरून. दोन-तीन पिढ्यांत आडनाव बदललं पण वाय तोच राहिला, म्हणजे उद्या कोणी फुले आणि कोणी गोऱ्हे टेस्ट करून जुळले तर त्यात आश्चर्य नाही, आणि दोन कुलकर्णी जुळले नाहीत तर त्यातही नाही, कारण कुलकर्णी हे गावोगावचं वतन होतं. 'कर'वाल्यांचंही तसंच, एका गावातून बाहेर पडलेले सगळ्या जातींचे लोक बाहेर तेच आडनाव लावतात.

तरी टेस्टचा उपयोग करायचाच असेल तर प्रश्न छोटा करा. "आम्ही परमार का" हे विचारू नका. "शेजारच्या तालुक्यातले अमुक गावचे पवार स्वतःला आमच्याच भावकीतले म्हणवतात, कुलदैवत एक, देवक एक, ते खरंच आमचे का" हे विचारा. याचं उत्तर मिळतं. दोन्हीकडच्या एकेका पुरुषाची वायची बारीक तपासणी करायची, ३७ किंवा १११ मार्करवाली (मार्कर म्हणजे वायवरची तपासायची ठरलेली जागा, प्रत्येक जागेचा एक आकडा येतो), आणि आकडे शेजारी ठेवून बघायचे. १११ पैकी दोन-चार ठिकाणीच फरक असेल तर समाईक पूर्वज बहुतेक गेल्या काही शतकांतला, वीस-पंचवीस ठिकाणी असेल तर विषय संपला, मग दोघांचाही हॅप्लोग्रुप आर१ए असला तरी.

पण त्याआधी कागद बघा, हे मी प्रत्येकाला अगदी कळकळीने सांगतो. सातबारा आणि जुने फेरफार, पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, मोडीतली कागदपत्रं. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर तुमच्या घराण्याचा हेळवी कोण ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांच्याकडे असतात. आणि त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, नाशिक इथल्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्या! मी स्वतः त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, नुसतं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, गुरुजींनी एक लांबट वही काढली आणि त्यात माझ्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने मोडीत लिहिलेल्या चार ओळी होत्या, सोबत कोण आलं होतं, भावांची नावं काय, सगळं. मला मोडी येत नव्हती, गुरुजींनी वाचून दाखवलं आणि मी तिथेच रडलो. कुठल्याही लॅबच्या रिपोर्टमध्ये ते मिळालं नसतं.

प्रश्न: सर, हा प्रश्न नाव न छापता घ्या. मी आणि माझा चुलतचुलत भाऊ, आमचे पणजोबा एकच. दोघांनी हौस म्हणून वायची टेस्ट केली आणि आमचा वाय अजिबात जुळत नाही, हॅप्लोग्रुपच वेगळा आहे. घरात कोणाला सांगितलेलं नाही. पणजीबद्दल मनात नको ते येतंय आणि स्वतःचीच लाज वाटतेय.

उत्तर: पणजीला आधी मनातून मोकळं करा. साखळी एका ठिकाणी तुटली आहे एवढंच रिपोर्ट सांगतो, कुठे आणि का ते सांगत नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये, तुमच्या बाजूने तीन आणि त्याच्या बाजूने तीन, अशा बाप-मुलाच्या सहा कड्या आहेत.

आपल्या समाजात ही कडी तुटायची कितीतरी साधी आणि मानाची कारणं होती. पहिलं म्हणजे दत्तक. भावकीतला मुलगा घेतला तर वाय तोच राहतो, उदाहरणार्थ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव हे कवळाण्याच्या गायकवाडांपैकीच होते, पण तेच मुलीचा किंवा बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला तर आडनाव चालू राहतं आणि वाय बदलतो. दुसरं, घरजावई, ज्याची मुलं पुढे आजोबांचं आडनाव लावू लागली. तिसरं, अनेक समाजांत पाट किंवा म्होतूर लावायची रीत होती, विधवा बाई पहिल्या नवऱ्याचं लेकरू घेऊन दुसऱ्या घरी नांदायला यायची आणि ते लेकरू त्या घरचं व्हायचं. प्लेग आणि दुष्काळात आईबाप गेले म्हणून सांभाळलेली मुलंही असायची. हे त्या काळी गावाला माहीत असायचं, लपवलेलं नसायचं, दोन-तीन पिढ्यांत फक्त सांगायचं राहून गेलं.

पश्चिम युरोपातल्या वंशावळी आणि वाय ताडून पाहिल्यावर कागदावरचा बाप आणि जैविक बाप वेगळा असण्याचं प्रमाण पिढीमागे साधारण १ टक्का निघालंय. पिढीला १ म्हणजे फार कमी, पण दहा पिढ्या मोजल्या की दहातल्या एका घरात साखळी कुठे ना कुठे तुटलेली असणारच. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, १४८५ मध्ये लढाईत मेला, त्याची हाडं २०१२ मध्ये लेस्टरला एका कार पार्किंगखाली सापडली. बहिणीच्या वंशातून आईकडचा डीएनए बरोबर जुळला, पण त्याच्या घराण्याच्या पुरुष ओळीतले म्हणून जे आज हयात आहेत त्यांच्याशी वाय जुळला नाही. राजघराण्याच्या इतक्या जपलेल्या वंशावळीत असं होऊ शकतं.

कडी कुठे तुटली ते शोधायचंच असेल तर दुसऱ्या चुलत्याच्या मुलाची टेस्ट करून ती शोधता येते. पण ज्याची टेस्ट करणार त्याला आधी सगळं सांगून, काय निघू शकतं ते समजावून, त्याने हो म्हटलं तरच. हौस म्हणून फसवून कोणाचं सॅम्पल घेऊ नका, प्लीज.

प्रश्न: आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. वडील गेले. माहेरचं आडनाव आमच्याबरोबर संपणार याचं वाईट वाटतं. माझी टेस्ट केली तर वडिलांच्या घराण्याचं काही कळेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: ताई, तुमच्याकडे वाय नाही, त्यामुळे ती ओळ तुमच्या सॅम्पलमधून दिसणार नाही. सख्खे काका किंवा चुलतभाऊ तयार असतील तर त्यांच्याकडून ती जशीच्या तशी मिळेल. पण वडिलांचा निम्मा डीएनए तुमच्यात आहे, म्हणजे तुमच्या एकूण डीएनएतला अर्धा वाटा त्यांचा आणि तिघी बहिणी मिळून त्यांच्यातलं निम्म्याहून बरंच जास्त तुमच्याकडे शिल्लक आहे, कारण प्रत्येकीला थोडं वेगळं मिळालंय. त्यांच्या बाजूचे चुलत, आते, दूरचे नातेवाईक यातून ओळखता येतात.

दहा पिढ्या मागे गेलात तर १०२४ पूर्वजांच्या जागा भरतात आणि आडनाव त्यातल्या एकाच माणसाचं येतं. बाकी १०२३ जागांवरच्यांची आडनावं आपल्यापैकी कोणीच लावत नाही. आईची आई, तिची आई ही ओळही टेस्टमध्ये वेगळी दिसते, ती मात्र तिघींकडे पूर्ण आहे आणि तुमच्या मुलींकडे जाईल. टेस्ट करायच्या आधी वडिलांच्या आत्या किंवा काकू कोणी हयात असतील तर त्यांच्याजवळ फोनचा रेकॉर्डर चालू करून बसा, कोण कोणाच्या घरात दिली होती, मूळ गाव कुठलं, कुलदैवताला कुठे जायचे, हे सगळं विचारून घ्या आणि ते या सुट्टीतच करा.