लाकूड, लोखंड की लॉबस्टर? वाचकांचे प्रश्न

देवगडहून एक वाचक: ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम खेळतो, फ्री अकाउंट. माझ्या लेव्हल: वुडकटिंग (लाकूडतोड) 34, मायनिंग (खाणकाम) 28, फिशिंग 25, स्मिथिंग (लोहारकाम) 19. सगळंच अर्धवट आणि पैसे पण साठत नाहीत. नेमकं काय पकडू?

फ्री अकाउंट आहे हे लिहिलंस ते बरं झालं, कारण उत्तर तिथेच बदलतं. लाकडापासून धनुष्य-बाण बनवायचं फ्लेचिंग फक्त मेंबरांना, म्हणजे पैसे भरणाऱ्यांना मिळतं, म्हणजे फ्रीवर लाकूड एकतर विकायचं नाहीतर फायरमेकिंगसाठी जाळायचं. मायनिंगला मात्र स्मिथिंगची जोड आहे आणि फिशिंगला कुकिंगची, त्यामुळे या दोनपैकी एक जोडी घे आणि तीच ओढत ने. तुझी मायनिंग 28 आहे म्हणून मी तर म्हणेन लोखंडच पकड, कोळसा 30 ला सुटतो, दोनच लेव्हल राहिल्यात.

आता स्मिथिंग 19 ची अडचण. लोखंडाचा बार भट्टीत वितळवताना निम्म्या वेळा फुकट जातो आणि इथेच पोरं कंटाळून सोडून देतात. तू वितळवत बसूच नकोस, आधी 'द नाइट्स स्वोर्ड' नावाची क्वेस्ट (गेममधली मोहीम) कर, ती फ्री आहे, मायनिंग 10 लागते आणि बक्षीस म्हणून स्मिथिंगचे 12,725 एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) मिळतात, म्हणजे तू 19 वरून थेट 32 वर. 30 ला स्टील सुटतं, एक लोखंड आणि दोन कोळसे, आणि स्टीलचा बार कधीच फुकट जात नाही. पुढे मॅजिक 43 झालं की सुपरहीट स्पेल मिळतो, त्याने लोखंडाचा बारही प्रत्येक वेळी नक्की बनतो, भट्टीची गरजच नाही, फक्त रून्सचा (जादूला लागणारे दगड) खर्च धरायचा. आणि मायनिंग 41 झाली की रून पिकॅक्स (रून धातूची कुदळ) घे, हातात धरायला अटॅक 40 लागतो पण नुसता बॅगेत असला तरी चालतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पैसे का साठत नाहीत ते जरा नीट सांगतो, कारण जवळजवळ सगळे इथेच अडकतात. आपल्याकडे काजूची बी तशीच विकायची की फोडून गर विकायचा हा हिशोब घरोघरी होतो आणि गर महाग असतो हे सगळ्यांना माहीत. गेममध्ये पुष्कळदा उलटं असतं. बनवलेला माल कच्च्या मालापेक्षा स्वस्त मिळतो, कारण हजारो लोक तो विकायला बनवतच नाहीत, लेव्हल वाढवायला बनवतात, एक्सपी मिळाला की त्यांचं काम झालं आणि माल ते पडेल भावात ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे गेममधल्या बाजारात टाकतात. त्यामुळे बनवण्याआधी दोन्ही भाव बघायचेच, कच्चा किती आणि पक्का किती, वर विकताना 2 टक्के टॅक्स जातो तोही धरायचा. "मी स्वतः खणलंय म्हणजे मला फुकट पडलं" हा विचार डोक्यातून काढ, तोच दगड तू विकू शकला असतास, मग त्याची किंमत तू मोजतोयसच ना. आज पैसे हवेत की लेव्हल हवी ते खेळायला बसतानाच ठरव. पैसे हवेत तर कोळसा कच्चाच विक, लेव्हल हवी तर स्टील कर आणि तोटा झाला तरी जीव जाळू नकोस.

आणि अकाउंट अगदी नवीन असेल तर काही कच्चा माल विकताच येत नाही, त्यासाठी 20 तास खेळ, 10 क्वेस्ट पॉइंट आणि एकूण लेव्हल 100 लागते. क्वेस्ट करायला हे अजून एक कारण.

हर्णैहून एक वाचक: आमच्याकडे जून-जुलै मासेमारी बंद, म्हणून भाऊ आणि मी गेममध्ये मासे पकडतो :) लॉबस्टर शिजवताना खूप जळतात. काय करू?

मस्त चाललंय तुमचं! लॉबस्टर 40 ला शिजवता येतो पण जळायचा पूर्ण थांबतो तो कुकिंग 74 ला, मध्ये जळणारच, तुझं काही चुकत नाहीये. कमी जळावेत म्हणून मेंबरांना कुकिंग गॉन्टलेट (हातमोजे) मिळतात, फ्रीवर ते नाहीत. म्हणून घाई नको, आधी बार्बेरियन व्हिलेजच्या नदीवर फ्लाय फिशिंग करा, 20 ला ट्राउट, 30 ला सॅमन, पिसं लागतात ती स्वस्त असतात. कुकिंग पन्नाशीला आली की ट्राउट जळणं जवळपास थांबतं. लॉबस्टर पकडत राहायला हरकत नाही, फक्त कच्चे बँकेत साठवा आणि लेव्हल वाढल्यावर शिजवा. लॉबस्टर मिळतात त्या मूसा पॉइंटला बँक नाही आणि पोर्ट सरिमहून बोटीला जाताना 30, येताना 30 नाणी, तेव्हा बॅग भरल्याशिवाय परत येऊ नका. पावसात लाइट गेली, नेट गेलं तरी अशा कामात काही बिघडत नाही, फक्त राक्षस अंगावर येतात अशा जागी उभं राहायचं नाही.

कुडाळहून एक आई: माझो झील नववीत आसा. मोबाईलवर लाकडा तोडतंय म्हणता, रात्री उशिरापर्यंत. ह्या काय आसा आणि हेच्यात पैशे जातत काय?

ताई, गेम फुकट खेळता येतो, पैसे जातात ते मेंबरशिप घेतली तर, ती महिन्याच्या हिशोबाने असते. फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर तेवढं बघून ठेवा. वेळेचं म्हणाल तर हे काम न संपणारं आहे हे त्यालाही कळायला हवं. सगळ्यात वरची लेव्हल 99, तिला 1,30,34,431 एक्सपी लागतात आणि 92 ला पोचलं तरी जेमतेम अर्धेच झालेले असतात. म्हणून "आज एवढी लेव्हल झाली की बंद" असं नको, ती होतच नाही. "दोन बॅगा भरल्या की बंद" असं ठरवा, कारण बॅगेत 28 च जागा असतात आणि ती लवकर भरते. त्याला एकदा विचारा काय विकलंस आणि कितीला, आवडीने सांगेल, माल आणि भाव यांचा हिशोब पोरं यात खरंच शिकतात.

चिपळूणहून एक वाचक: मित्र ऑटोक्लिकर (आपोआप क्लिक करणारा प्रोग्राम) लावून झोपतो. मी पण लावू का?

नको. नियमात बसत नाही, अकाउंट बॅन होतं आणि सगळी मेहनत जाते. खऱ्या पैशांनी कोणाकडून गेममधलं सोनं विकत घेणंही तसंच. पैसे घालायचेच असतील तर बाँड हा कंपनीचा अधिकृत मार्ग आहे, तो गेममध्ये विकून सोनं मिळतं किंवा वापरून मेंबरशिप. फ्रीवरचा माल विकून सोनं साठवून बाँड घेणारेही आहेत, त्याला वेळ लागतो पण एक रुपया जात नाही.