शेअर विकावेत की मत द्यावे? बडोद्याच्या एका भगिनींना उत्तर

दांडिया बाजारातील एका निवृत्त शिक्षिका भगिनींचे पत्र आहे. यजमानांच्या पश्चात ४६ लाखांच्या बचतीपैकी २७ लाख रुपये एकाच रासायनिक कंपनीच्या समभागांत आहेत आणि तिच्या सांडपाण्याविरुद्ध आसपासचे गावकरी तक्रारी करत आहेत. मुलगी म्हणते, सगळे विकून टाक; दीर म्हणतात, लाभांश उत्तम मिळतो, हात लावू नका. त्यातच वार्षिक सभेच्या ई-मतदानाची सूचना आली आहे.

ताई, गावकऱ्यांची तक्रार हा केवळ नीतीचा प्रश्न असून पैशाशी त्याचा संबंध नाही, हे दिरांचे गृहीतक मला मान्य नाही. तमिळनाडूतील तूतुकुडीच्या स्टरलाइट तांबे कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात मे २०१८ मध्ये पोलीस गोळीबारात १३ माणसे मेली, त्याच महिन्यात सरकारने कारखाना बंद केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचे अपील फेटाळले. तिथे माणसांचे जे गेले ते कशानेच भरून येणार नाही. पण वर्षाला चार लाख टनांची क्षमता ठप्प झाल्यावर भागधारकांचेही नुकसान झालेच. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १६६ संचालकांना भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचे हित पाहण्यास बांधील करते, ते उगाच नव्हे.

मुलीची तळमळ योग्य आहे, परंतु बाजारात विकलेला समभाग दुसरा कोणीतरी घेतो आणि तो सांडपाण्याविषयी विचारेलच असे नाही. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मूळ मालकांचा, वाटा मोठा असल्यास आपल्या एकट्या मताने ठराव पडणार नाही, हे खरे. तरीही म्युच्युअल फंडांना आता मतदान करून ते जाहीर करावे लागते, त्यामुळे विरोधी मते एकवटू शकतात. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाच्या भागधारकांनी मूळ कंपनीला द्यायच्या स्वामित्वशुल्कातील (रॉयल्टीतील) वाढ मतदानाने नाकारली.

माझ्या मते खरी अडचण आपल्या २७ लाखांत आहे. म्हातारपणाची निम्म्याहून अधिक पुंजी ज्या कंपनीत अडकली आहे, तिच्या संचालकांना अडचणीचा प्रश्न विचारताना भाव पडण्याची भीती वाटणारच, आणि त्या भीतीपोटी माणूस गप्प बसतो. म्हणून हा हिस्सा चार-पाच लाखांवर आणावा, म्हणजे तो पूर्ण बुडाला तरी घरखर्च अडणार नाही.

विक्री ३१ मार्चपूर्वी आणि १ एप्रिलनंतर अशी दोन आर्थिक वर्षांत विभागावी. सध्याच्या नियमानुसार दरवर्षी सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असून त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. वारसाने आलेल्या समभागांना यजमानांचीच खरेदी किंमत लागू होते. खरेदी फेब्रुवारी २०१८ पूर्वीची असल्यास ३१ जानेवारी २०१८ चा भावही हिशेबात येतो, तेव्हा जुनी बिले शोधून ठेवावीत. आलेल्या रकमेतील मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालावा. तिची मर्यादा ३० लाख आहे.

मतदानासाठी सूचनेत दिलेल्या पात्रता दिनांकाला समभाग डिमॅट खात्यात असावे लागतात, म्हणून ती तारीख उलटेपर्यंत निदान ठेवायचा हिस्सा विकू नये. त्याआधी कंपनी सचिवांना पत्र लिहून सांडपाणी शुद्धीकरणावर झालेला खर्च आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिशींचा तपशील मागावा. उत्तर गुळमुळीत आले, तर संचालकांच्या फेरनियुक्तीविरुद्ध मत द्यावे, आणि पुढच्या वर्षीही तेच घडले तर उरलेले समभागही विकावेत.