चहाला बोलाव, पत्ते आप्पांच्या हाती दे

शिरपूरकडच्या एका सुनेचं पत्र आलंय. नऊ वर्षं झाली, ती ऑस्ट्रेलियात आहे. सासरे, म्हणजे आप्पा, सहा महिन्यांसाठी तिच्याकडे आलेत. ती लिहिते, "काकू, आमच्याकडे पाहुणे बोलवायचे म्हणजे दोन दिवस रांधायचं. तीस माणसांची शेवभाजी, भरीत, भाकरी. मग पुरुष हॉलमध्ये घराच्या हप्त्यांवर बोलतात, आम्ही बाया ओट्यापाशी उभ्या, पोरं मोबाईलमध्ये आणि आप्पा सोफ्याच्या कोपऱ्यात. त्यांची बोली अहिराणी. बाकीचे कोणी पुण्याचे, कोणी नागपूरचे. आप्पा 'हो, हो' म्हणतात आणि गप्प बसतात. एखाद्या रविवारी नुसतं चहाला बोलावलं आणि मोठ्यांसाठी खेळ ठेवले तर चालेल का? की लोक म्हणतील, खान्देशी असून जेवूसुद्धा घातलं नाही?"

चालेल. बिनधास्त बोलाव.

तुझी शेवटची भीती मला समजते, कारण ती माझीही होती. मी मुलाकडे परदेशात गेले तेव्हा हौसेनं भरीत करायला घेतलं. आमच्याकडे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तो धूरच चवीला लागतो. तिथे शेगडीवर वांगं ठेवलं आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागला. सून खुर्चीवर चढून तो बंद करत होती, मी टॉवेलनं वारा घालत होते. रात्री अकरा वाजता आम्ही दोघी भांडी घासत होतो. अठ्ठावीस माणसं जेवून गेली होती, आणि मला त्यांतल्या चौघांचीही नावं सांगता आली नसती. ज्या घरी लोक आले, त्या घरच्या बाईला त्यांच्याशी बोलताच आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून निरोपातच स्पष्ट लिही: "रविवारी दुपारी साडेतीन ते सहा. चहा, भत्ता आणि पत्ते. जेवण आपापल्या घरी." संपायची वेळ लिहायला संकोच करू नकोस. लहान पोरं असलेल्यांना, दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट असलेल्यांना ती वेळ वाचूनच यावंसं वाटतं. कोणी "काही आणू का?" विचारलं तर "पत्त्यांचा जोड आणा" असं सांग. सोळापेक्षा जास्त माणसं बोलावू नकोस. सोळा जण चार-चारांत नीट बसतात. वीस झाले की पुन्हा घोळके होतात आणि आप्पा पुन्हा कोपऱ्यात जातात.

खायला एकही गोष्ट अशी नको की जी ऐन वेळी तळावी लागेल. मुरमुरे, शेव, दाणे, कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू, असा भत्ता आपल्याकडे वाटीभर दिला तरी माणूस खूश. कांदा-लिंबू मात्र वाढताना घाल, नाहीतर मुरमुरे सादळतात. केळीचे वेफर्स ठेव. आणि आप्पांनी येताना बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आणल्या असतील, आणल्याच असणार, तर त्या आज बाहेर काढ. भाजून, तेलाचा हात फिरवून, सोबत कच्चे दाणे. पुण्या-नागपूरच्यांना बिबडी ठाऊक नसते. ती हातात घेऊन ते विचारतीलच, "हे कशाचं?" तेव्हा तू उत्तर देऊ नकोस. आप्पांकडे बघ. दादर ज्वारी किती दिवस भिजवायची, घाटा कसा शिजवायचा, खाटेवर धोतर अंथरून त्यावर बिबड्या कशा थापायच्या, आणि त्या गरम घाट्यासाठी पोरं वाटी घेऊन कशी रांगेत बसायची, हे त्यांनी सांगायचं. अहिराणीत सांगू दे. न कळलेला शब्द लोक विचारतील, आणि त्या विचारण्यातच बोलणं सुरू होतं.

आता चहा. परदेशात सोळा जणांचा चहा बिघडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे साय काढलेलं पातळ दूध. पूर्ण सायीचं घे. दुसरं म्हणजे आलं. कच्च्या आल्यात दूध फोडणारा एक घटक असतो, म्हणून आलं दुधात घालायचं नाही. आधी पाण्यात घालून चार-पाच मिनिटं खळखळ उकळायचं, त्यानंतर पावडर, साखर, आणि शेवटी गरम केलेलं दूध. दोन लिटर चहाला एक लिटर पाणी, एक लिटर दूध, आठ सपाट मोठे चमचे पावडर. साखर तुमच्या अंदाजानं. गवती चहा मिळाला तर दोन पाती गाठ मारून टाक. हा चहा पहिल्या फेरीला पुरतो. दुसऱ्या फेरीचा पुन्हा ताजा टाक, थर्मासमध्ये तासभर कोंडलेला चहा कडवट लागतो. बिनसाखरेचा छोटा टोप वेगळा ठेव आणि तो कोणासाठी आहे हे मोठ्यानं विचारू नकोस. ट्रेवर एका बाजूला ठेवलास की ज्याला हवा तो उचलेल.

खेळांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

आमच्या माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी घरी यायच्या. निंबाच्या झाडाला झोके टांगलेले असायचे, बाया गौराईची गाणी म्हणायच्या, आणि ओट्यावर बापलोक दिवसभर पत्ते कुटायचे. त्या दिवशी पत्ते खेळायला कोणाची ना नसायची. आम्ही पोरी चहाच्या कपबश्या घेऊन आत-बाहेर करायचो. आमच्या जोडातल्या बदाम दशीचा एक कोपरा दुमडलेला होता. तो पत्ता कोणाकडे आहे हे सगळ्यांना दिसायचं आणि तरी सगळे तोच जोड घेऊन खेळायचे. माझे वडील घरात फार बोलत नसत. पण दशी हाती लागली की ते "मेंढी!" असं ओरडायचे, तो आवाज मला आजही ऐकू येतो. तुझे आप्पा आखाजीला पत्ते खेळले नसतील असं मला वाटत नाही.

तेव्हा पहिला खेळ मेंढीकोट, आणि तो शिकवणारे आप्पा. चौघं जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. चार दश्या म्हणजे चार मेंढ्या. ज्यांच्याकडे तीन मेंढ्या येतील ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त ते जिंकले. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या की मेंढीकोट. हुकूम कसा काढायचा यावर मात्र प्रत्येक गावाचा वेगळा नियम असतो. कोणी पान झाकून ठेवतं, कोणाकडे चालू रंगाचं पान नसलेला पहिल्यांदा जो रंग टाकेल तो हुकूम. डाव सुरू व्हायच्या आधी एकच नियम ठरवा, आणि तो आप्पांच्या गावचा ठरवा. पहिला डाव सगळ्यांनी पानं उघडी मांडून खेळायचा. आप्पा बोटानं दाखवतील, "हुकूम काय शे?" आणि नवशिक्याला सगळं दिसेल. दुसऱ्या डावापासून झाकून.

नवरा-बायकोला भिडू करू नकोस. घरातला रुसवा पत्त्यांत येतो. चौघांत दोन लाल, दोन काळी पानं उलटी टाकून ज्याला जे येईल तशा जोड्या लाव. ज्यांना इतकं डोकं लावायचं नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या टेबलावर बदाम सात. त्यात सहा-सात जण सहज बसतात आणि पाच मिनिटांत शिकता येतं. पैसे अजिबात नकोत. आखाजीला गावात पैशांनी किती घरं रडवली तेही मी पाहिलंय. हरभऱ्याचे दाणे मोजायला घ्या.

चहाची दुसरी फेरी झाली की सगळ्यांना एकत्र आणायचं, आणि त्यासाठी तंबोला उत्तम. तिकिटात तीन ओळी, नऊ रकाने, एकूण पंधरा आकडे, प्रत्येक ओळीत पाच. तिकिटं मोठ्या अक्षरात छाप, म्हाताऱ्या डोळ्यांना बाजारातली दिसत नाहीत. पेन्सिलीऐवजी आकड्यावर हरभरा ठेवायचा. आकडे पुकारायला पुन्हा आप्पा. त्यांना एक कागद दे. १ ते ९० मधल्या काही आकड्यांना आपल्याकडची ओळख. १८ आला की त्यांनी आकडा सांगायचा नाही, म्हणायचं, "धुयानी गाडी!", म्हणजे धुळ्याची. १९ला "जयगावनी गाडी", म्हणजे जळगावची, ३९ला "नंदुरबारनी गाडी", कारण गाड्यांच्या पाटीवर तेच नंबर आहेत. पुण्याच्यांसाठी १२, नाशिकच्यांसाठी १५ ठेव. ६ म्हणजे आपल्या धुळे-जळगावचा जुना हायवे, ५३ म्हणजे त्याचाच नवा नंबर. ५२ म्हणजे पत्त्यांचा जोड. ३ म्हणजे आखाजीची तीज. ६० म्हणजे महाराष्ट्र झाला ते साल. बाकीचे साधे पुकारले तरी चालतील. लोक आधी चुकतील, मग आपणच नवे इशारे सुचवतील. बक्षीस म्हणून ठेच्याची बाटली, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी, केळीच्या वेफर्सचं पाकीट असं घरचंच ठेव. बाजारातून काचेच्या वस्तू आणू नकोस, त्या कोणालाच नको असतात.

उशी फिरवण्याचा खेळ ठेवणार असशील तर चिठ्ठ्या स्वतः लिही. ज्याच्या हाती उशी थांबेल त्याला नाचायला लावणं, पगार, वय किंवा "गोड बातमी कधी" असलं काही विचारणं, हे मला मुळीच मान्य नाही. आलेल्या माणसाचा अपमान होतो आणि तो पुन्हा येत नाही. उखाणाही नवऱ्याच्या नावाचाच हवा असं नाही. कोणाचा नवरा गेलेला असतो, कोणाचं मोडलेलं असतं, कोणाचं लग्नच झालेलं नसतं. आईच्या किंवा गावाच्या नावाचा घ्यायला सांग. "तापीच्या पाण्यावर वाढली केळ, आईचं नाव घेते, झाली चहाची वेळ," इतका साधा चालतो. त्यातच चार चिठ्ठ्या अहिराणी शब्दांच्या टाक, अर्थ ओळखायचा: अंडेर, आंडोर (मुलगा), वावर (शेत), गिलकं (घोसाळं). तुझ्या मुलाला अंडेर म्हणजे मुलगी हे आजोबांकडून त्या दिवशी कळलं तर तो विसरणार नाही. पाहुण्यांत कोणी यावल-रावेरकडचं असेल तर त्यांची लेवा बोली वेगळी आहे हे लक्षात ठेव आणि त्यांचे शब्दही घे. त्यांना अहिराणीत मोजलेलं आवडत नाही, आणि ते बरोबर आहे.

पोरांना वेगळं बसवू नकोस. दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील तर बदाम सातच्या टेबलावर घे, लहानांना तंबोल्यात नळकांड्यातून आकडा काढायला लाव.

आणि तू बस. चहा टाकायचं काम दुसऱ्या फेरीला तुझ्या नवऱ्याचं. सोळा कप म्हणजे काही पंगत नव्हे, त्याला जमेल. साडेतीनला पाहुणे येतील तेव्हा भत्त्याचं सगळं वेगवेगळ्या डब्यांत तयार असलं पाहिजे आणि तुझ्या हातात पत्ते असले पाहिजेत. सहा वाजता कोणी उठत नसेल तर आप्पांना शेवटचा डाव जाहीर करायला सांग. त्यांचं कोणी मोडणार नाही.

पहिल्या रविवारी आप्पांना किती मेंढ्या मिळाल्या ते मला कळव.