लॉक विकत घेण्याआधी गाडीखाली वाका

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. पावसाळा तोंडावर आला की चार चाकं फिरवणाऱ्या जुन्या गाड्यांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेक पत्रं सेंटर डिफरन्शिअल लॉकवर आहेत. सेंटर डिफरन्शिअल (थोडक्यात डिफ) पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं; लॉक लावलं की दोन्हीकडचे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात.

प्रश्न : माझी लँड रोव्हर डिस्कव्हरी टू २००० सालची, ऑटोमॅटिक, खासगी आयातीची. ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणारं चाक ब्रेकने धरणारी यंत्रणा) आहे, पण सेंटर डिफ लॉक नाही. मुरबाडच्या बाजूला चिखलात एक चाक हवेत गेलं की गाडी जागेवरच घरघरते. गॅरेजवाले म्हणतात, अख्खा ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) बदलावा लागेल. खरंच? (वाचक, मुलुंड)

उत्तर : बहुधा नाही. डिस्कव्हरी टूमध्ये एलटी२३० हाच ट्रान्सफर केस आहे, जो आधीच्या डिस्कव्हरीत आणि डिफेंडरमध्ये होता. ट्रॅक्शन कंट्रोल आहे म्हणून कंपनीने लॉकचा दांडा आणि लिंकेज गाळलं. सुरुवातीच्या गाड्यांत लॉकची आतली यंत्रणा मात्र तशीच राहिली. पुढे काही काळ तीही काढून टाकली आणि शेवटच्या मॉडेलांत परत आणली. कोणत्या महिन्यापासून काय बदललं यावर वाद घालण्यापेक्षा गाडी रॅम्पवर घ्या आणि बघा.

पाहायचं कुठे? ट्रान्सफर केसच्या पुढच्या तोंडाला, जिथून पुढचा प्रॉपशाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारी फिरती नळी) निघतो, त्या हाउसिंगच्या माथ्यावर. तिथे तीन बोल्टांवर बसलेली छोटी टोपी असते. तिच्यातून दोन बाजूंनी चपटी केलेली खुंटी वर आली असेल तर तुमचं लॉक आत आहे. तिथे नुसतं बंद झाकण असेल तर नाही.

खुंटी असेल तर आधी काही विकत न घेता चाचणी करा. गाडी सपाट जागी, चाकं सरळ. दहाचा पाना खुंटीवर घालून ती दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. नाही फिरली तर जोर लावू नका. आतले दाते समोरासमोर आले आहेत, गाडी वीतभर पुढेमागे ढकलून पुन्हा बघा. मग हँडब्रेक सोडून (या गाडीत हँडब्रेक मागच्या प्रॉपशाफ्टवरच असतो), गिअर न्यूट्रलला ठेवून पुढचं एक चाक जॅकवर उचला. बाकीच्या चाकांना आधी भक्कम ओट लावा, कारण हँडब्रेक सोडलेला आहे. उचललेलं चाक हाताने फिरत नसेल तर लॉक लागलं. लॉक सोडल्यावर तेच चाक सैल फिरलं पाहिजे.

आता दांडा. दोन मार्ग आहेत. शेवटच्या मॉडेलच्या डिस्कव्हरी टूचा लॉकवाला दांडा, त्याचा क्रँक आणि दांडी असा पूर्ण संच मिळाला तर तो उत्तम. हाय-लो (नेहमीचा वेग आणि कमी वेगात जास्त ताकद) आणि लॉक एकाच दांड्यावर येतात, डावीकडे ढकलला की लॉक. पण त्यासाठी कन्सोल पूर्ण काढावा लागतो आणि तुटलेल्या क्लिपा मुंबईत सहज मिळत नाहीत. दुसरा मार्ग केबलचा : खुंटीवर छोटा हात बसवायचा, केबल कन्सोलजवळच्या वेगळ्या मुठीपर्यंत आणायची. स्वस्त आणि उलटवता येण्यासारखा. आमचा कल केबलकडे आहे.

केबलमध्ये लोक चुकतात ते समायोजनात. खुंटी दोन्ही टोकांना 'खट्‌' करून बसली पाहिजे. केबल पाच मिलिमीटर कमी पडली तरी मूठ शेवटपर्यंत येते, पण आतली सरकती बाही (दात्यांत शिरून लॉक लावणारी कडी) अर्धीच शिरते. मग चिखलात ताण आला की दात्यांचे कोपरे उडतात आणि तो चुरा तेलात फिरतो. म्हणून मूठ बांधण्याआधी एकाला आत बसवा आणि दुसऱ्याने खालून खुंटी पाहावी. केबल सायलेन्सरच्या पाइपापासून हातभर लांब न्या, नाहीतर आवरण वितळून आतली तार चिकटते. जमिनीला पाडलेल्या भोकाला रबरी ग्रोमेट हवंच. ते नसेल तर पहिल्याच पावसात कार्पेट ओलं होतं.

दिव्याशिवाय लॉक बसवू नका. हाउसिंगमध्ये प्लंजर स्विचची जागा असते. बारा व्होल्ट, तीन अँपिअरचा फ्यूज, डॅशवर पिवळा दिवा, तिथून स्विच आणि अर्थ, एवढंच सर्किट. लॉक लावून स्विच दिवा लागेपर्यंत आत फिरवा, मग आणखी अर्धा आटा, आणि लॉकनट आवळा. ही वायर एबीएसच्या कंट्रोल युनिटला जोडायचा मोह टाळा. दिवा स्वतंत्रच ठेवा.

खुंटी नसेल तर लॉकवाल्या केसचं पुढचं हाउसिंग शाफ्ट, फोर्क आणि बाहीसकट घ्यावं लागेल. जुनं हाउसिंग आठ बोल्टांवर असतं. त्यांतला एक लांब आहे, तो कुठून निघाला याची खूण करा. बसवताना सीलंटचा पातळ थर आणि २५ न्यूटन मीटर टॉर्क पुरे. उघडल्यावर डिफच्या पुढच्या अंगाला बाही अडकायचे दाते आहेत का, ते पाहूनच पुढे जा. नसतील तर मात्र गॅरेजवाले बरोबर, केसच बदला. कुर्ला-कालिना पट्ट्यात किंवा चोरबाजारात जुना केस मिळाला तर आधी विचारा, कोणत्या गाडीचा? तुमचा हाय रेशो (हायमधलं गिअरचं गुणोत्तर) १.२११ आहे, जुन्या डिस्कव्हरीचा १.२२२, हा फरक जाणवतही नाही. डिफेंडरचा १.४१० बसवलात तर त्याच वेगाला इंजिन सुमारे १६ टक्के जास्त फिरेल आणि एक्स्प्रेसवेवर डोकं उठेल.

तेल कोरड्या केसला २.३ लिटर, ७५डब्ल्यू-९० ईपी. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर हिंदमातासारख्या तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा ब्रीदर पाइप (केसमधली हवा आत-बाहेर करणारी नळी) आधी तपासा. गरम केस अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलवाटे पाणी ओढलं जातं.

आणि खाली शिरलाच आहात तर पुढच्या प्रॉपशाफ्टचा ट्रान्सफर केसकडचा जोड हाताने हलवून पाहा. तिथे दुहेरी क्रॉस (दोन सांध्यांचा जोड) आहे, त्याला ग्रीस भरायची सोय नाही आणि एक्झॉस्टच्या उष्णतेत तो सुकतो. करकर आवाज, गंजाची लाल भुकटी किंवा जराही खेळ दिसला तर आजच बदला. हा जोड धावत्या गाडीत तुटला की शाफ्ट फिरत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कवचाला भोक पाडतो. डिस्कव्हरी टूची ही प्रसिद्ध खोड आहे, आणि लॉकने त्या शाफ्टवरचा भार वाढतोच.

ट्रॅक्शन कंट्रोल काढायचं नाही. लॉकमुळे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. डावं-उजवं सांभाळायला ब्रेकने चाक धरणारी ती यंत्रणा लागतेच. दोन्ही मिळून काम झालं की ब्रेकही कमी तापतात.

प्रश्न : पहिल्या डिस्कव्हरीत लॉक काढलं तरी दिवा जात नाही. कधी दहा मिनिटांनी आपोआप जातो. (वाचक, पनवेल)

उत्तर : तुम्ही लॉक डांबरावर आणता, हे त्याचं लक्षण. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. लॉक असेल आणि रस्ता कोरडा असेल तर हा फरक निघायला वाट नसते, शाफ्टात पीळ साठतो आणि बाही दात्यांत घट्ट अडकते. दांडा ओढून धरू नका. तो लॉक सोडलेल्या जागी ठेवून रिव्हर्समध्ये स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करत काही मीटर जा, पीळ सुटतो. चिखलात असतानाच लॉक काढायची सवय लावा. हे सगळं करूनही दिवा राहिला तर स्विच जास्त आत फिरलेला आहे. वर दिल्याप्रमाणे पुन्हा लावा. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर पीळ सरळ रस्त्यावरही साठतो.

प्रश्न : जिप्सीत सेंटर डिफ लॉक बसवायचं आहे. अंदाजे खर्च? (वाचक, बदलापूर)

उत्तर : शून्य, कारण जिप्सीत सेंटर डिफरन्शिअलच नाही. फोर-एच (हायमध्ये चारही चाकांना ताकद) टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट आपोआप एकमेकांना बांधले जातात. म्हणूनच फोर-एच कोरड्या रस्त्यावर वापरायचं नाही. तुमची अडचण डाव्या-उजव्याची आहे, ती मागच्या अ‍ॅक्सलमधल्या लॉकरने (डावं-उजवं चाक एकत्र बांधणाऱ्या लॉकने) सुटेल. त्याआधी चांगले मड टायर घ्या आणि चिखलात हवा थोडी कमी करून पाहा. निम्मी कामं तिथेच होतात.

प्रश्न : १९९४ ची लँड क्रूझर ८० सिरीज. लो टाकलं की लॉकचा दिवा लागतो, हायमध्ये लॉक करता येत नाही. बटणच नाही. (वाचक, अंधेरी)

उत्तर : तुमच्या गाडीत लॉक आहे, लॉक करणारी विजेची मोटरही आहे, फक्त बटण दिलेलं नाही. डॅशवर रिकामं झाकण असतं तिथे कंपनीचंच सीडीएल (सेंटर डिफ लॉक) बटण बसतं. बऱ्याच गाड्यांत त्याचा प्लग डॅशच्या मागे टेप लावून ठेवलेला असतो, तो आधी शोधा. सापडला तर पाना-खिळ्यांचं कामच नाही. बटण आल्यावर काही जण लॉकच्या कंट्रोल युनिटमधली सातव्या क्रमांकाची पिन काढतात, म्हणजे लो टाकल्यावर आपोआप लॉक होत नाही. अरुंद जागेत गाडी वळवताना त्याचा उपयोग होतो. पण पिन कापू नका. सोडवून टेप लावा. लॉक असताना एबीएस बंद होतं आणि त्याचा दिवा लागतो. तो बिघाड नव्हे.

बटण दाबून काहीच झालं नाही तर आधी मोटरचा कनेक्टर उघडा. मुंबईच्या खाऱ्या हवेत तिथे हिरवी बुरशी चढते. वर्षानुवर्षं न वापरलेली मोटर अडकूनही बसते. महिन्यातून एकदा कच्च्या जागेवर लॉक लावून-काढून घ्या.

प्रश्न : असा बदल आरटीओत नोंदवावा लागतो का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल आहे. लॉक, दांडा, केबल यांनी आरसीवरचा एकही तपशील बदलत नाही. गाडी पंधरा वर्षांवरची असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाला जाण्याआधी केबल नीट बांधलेली असू द्या. खाली लोंबणारी वस्तू दिसली की तपासणीत प्रश्न येतात. विमा कंपनीला बदलाची माहिती लेखी द्या आणि पोच जपून ठेवा.